तटस्थ देशाची पहाऱ्याची पाळी

पॅरिसच्या पश्चिमेला, सीन नदीपलीकडे, मों व्हालेरियाँ नावाचा जुना किल्ला आहे. २००८ साली युरोपीय संघाचे सुमारे ३,७०० सैनिक मध्य आफ्रिकेतल्या चाड देशात उतरले, तेव्हा त्यांची सूत्रे याच किल्ल्यातून हलत होती. निम्म्याहून अधिक सैनिक फ्रेंच होते, किल्ला फ्रेंच होता, विमानेही बहुतेक फ्रेंचच होती. मोहिमेचे प्रमुख मात्र आयरिश होते, लेफ्टनंट जनरल पॅट नॅश. त्यांचा देश तेव्हा कुठल्याही लष्करी गटात नव्हता आणि आजही नाही. त्याच्याकडे एकही लढाऊ जेट विमान नव्हते, आजही नाही. तरीही ही मोहीम आयरिश माणसाच्या हाती देणे सर्वांना सोयीचे वाटले, आणि त्यामागे ठोस कारण होते. चाड ही फ्रान्सची जुनी वसाहत. राष्ट्राध्यक्ष इद्रिस देबी यांच्या पाठीशी फ्रान्स उभा आहे हे सगळ्या आफ्रिकेला ठाऊक होते. दारफूरच्या हिंसाचारातून जीव वाचवून सीमेपलीकडे आलेल्या लाखो निर्वासितांच्या रक्षणासाठी आलेले सैन्य देबींचे नाही, असे कोणाला पटवायचे तर त्याचा प्रमुख फ्रेंच असून चालणार नव्हते.

सुमारे साडेचारशे आयरिश सैनिकांचा तळ सुदानच्या सीमेजवळच्या गोझ बैदा या गावी पडला. जड सामान कॅमेरूनच्या डुआला बंदरात उतरायचे आणि तिथून सुमारे दोन हजार किलोमीटर रस्त्याने यायचे. पावसाळा लागला की कोरड्या ओढ्यांना पूर येत आणि ताफे जागच्या जागी अडकत. हेलिकॉप्टर हवी होती, पण ती द्यायला युरोपातले देश तयार होईनात. शेवटी रशियाने चार हेलिकॉप्टर आणि ती चालवणारी माणसे पाठवली. त्या काळात हे शक्य होते, हे आज विसरून चालणार नाही. जून २००८ मध्ये बंडखोर गोझ बैदात शिरले. आयरिश सैनिक गोळीबारात सापडले, त्यांनी प्रत्युत्तर दिले आणि निर्वासित व मदतकार्य करणाऱ्यांभोवती पहारा धरला. बंडखोरांचा पाठलाग करणे त्यांच्या आदेशात नव्हते आणि त्यांनी तो केलाही नाही. यावर देबी यांनीच जाहीर आगपाखड केली, की हे युरोपीय सैन्य डोळ्यांवर कातडे ओढून बसले आहे. जी मोहीम फ्रान्सच्या मर्जीतल्या सत्ताधीशाला वाचवण्यासाठीच आखली होती असे टीकाकार म्हणतात, तिच्यावर तोच सत्ताधीश चिडावा, ही गोष्ट त्या टीकेचे वजन बरेच कमी करते.

तटस्थ देशाने सामायिक युरोपीय संरक्षणापासून दूर राहावे, म्हणजे त्याची तटस्थता शाबूत राहील, असे मानणारा मोठा वर्ग आयर्लंडमध्ये आहे आणि त्याचा हेतू प्रामाणिक आहे. मला मात्र गेल्या पंचवीस वर्षांचा पुरावा वेगळे सांगतो असे वाटते. युरोपीय संघाच्या सुरक्षा आणि संरक्षण धोरणात शिरल्याने आयर्लंडची तटस्थता झिजली नाही. उलट तिला काम मिळाले. ती झिजली ती घरी. स्वतःचे आकाश आणि समुद्र पाहण्याचे साधनच देशाने उभे केले नाही, तिथे.

तटस्थतेच्या कायद्याबद्दलचा एक गैरसमज आधी दूर करायला हवा. १९०७ च्या हेग करारांनी तटस्थांना हक्क दिले, तसे कर्तव्यही नेमून दिले. युद्ध करणाऱ्या कोणत्याही पक्षाला आपली जमीन आणि आपली बंदरे वापरू न देणे ही तटस्थ देशाचीच जबाबदारी आहे. ती पार पाडायला बळ लागते. म्हणून स्वित्झर्लंड आणि स्वीडन या देशांनी विसाव्या शतकात शस्त्रांवर अमाप खर्च केला. नाटोत जाण्याआधीही फिनलंडची तयारी युद्धकाळी २,८०,००० सैनिक उभे करण्याची होती. ऑस्ट्रियाची तटस्थता १९५५ पासून घटनात्मक कायद्यात आहे आणि २०१३ च्या सार्वमतात तिथल्या लोकांनी सक्तीची सैनिकी सेवा चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. या सगळ्यांच्या रांगेत आयर्लंड वेगळा पडतो.

त्याचे कारण इतिहासात आहे. आयरिश तटस्थता स्वातंत्र्यलढ्याच्या पोटी जन्मली. १९२१ च्या करारानुसार कोव्ह, बेरहेवन आणि लॉक स्विली ही बंदरे ब्रिटिश नौदलाकडेच राहिली होती. परक्याचे आरमार आपल्या बंदरात असताना त्याच्या युद्धापासून अलग कसे राहणार, हा एमन डी व्हॅलेरा यांचा प्रश्न होता. १९३८ मध्ये त्यांनी वाटाघाटी करून ती परत मिळवली. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. ही बंदरे हाती नसती तर आयर्लंडला तटस्थ राहता आले असते, असे मला वाटत नाही. आयरिश माणसाच्या मनात तटस्थता आणि सार्वभौमत्व एकमेकांत विणले गेले ते तेव्हापासून, आणि ब्रसेल्समधल्या अधिकाऱ्यांना तिथला हळवेपणा अनाठायी वाटतो तेव्हा त्यांना हा धागा दिसत नसतो.

पण युद्धकाळातली ही तटस्थता कधीच कोरी नव्हती. मेयो परगण्याच्या टोकाला ब्लॅकसॉड नावाचे ठिकाण आहे. तिथल्या टपाल कार्यालयातून दर तासाला हवेचा दाब मोजून कळवला जाई, आणि ठरलेल्या व्यवस्थेप्रमाणे ते आकडे ब्रिटनकडे जात. जून १९४४ च्या सुरुवातीला याच केंद्रावर वायुभारमापकाचा पारा झपाट्याने उतरला. ती नोंद चुकली तर नाही ना, हे विचारणारा फोन इंग्लंडहून आला. ती बरोबर होती. नॉर्मंडीवरचा हल्ला ५ जूनवरून ६ जूनवर गेला, त्यात या नोंदींचा वाटा होता. तटस्थ राहूनही आयर्लंड कोणत्या बाजूला झुकला होता हे त्या वायुभारमापकापाशी स्पष्ट दिसते. १९४९ मध्ये नाटोचे निमंत्रण नाकारले गेले तेही युद्धविरोधी तत्त्वापोटी नव्हे, तर बेटाची फाळणी कायम असताना ब्रिटनबरोबर लष्करी करारात बसणार नाही, या भूमिकेतून.

तटस्थतेला मूल्याचा दर्जा मिळाला तो संयुक्त राष्ट्रांमुळे. १९५५ मध्ये सभासदत्व मिळाले आणि १९५८ पासून जगात कुठे ना कुठे संयुक्त राष्ट्रांच्या कामावर आयरिश सैनिक आहेत. १९६० मध्ये काँगोत नीम्बा येथे त्यांच्या तुकडीवर हल्ला होऊन नऊ जण मारले गेले. त्याच काँगोत भारताचेही हजारो सैनिक होते. पुढे दक्षिण लेबनॉनमध्येही भारतीय आणि आयरिश तुकड्या एकाच शांतिसेनेत उभ्या राहिल्या, आयरिश १९७८ पासून आणि भारतीय पुढे १९९० च्या दशकात. आयर्लंडच्या घटनेतून भारताने राज्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे घेतली हे आपण शाळेत शिकतो; आंतरराष्ट्रीय शांततेविषयीचा आपला ५१ वा अनुच्छेद त्याच गटात बसतो.

युरोपात शिरताना आयर्लंडने जे कायदेशीर बांध घातले, ते पाहण्यासारखे आहेत. १९८६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी रेमंड क्रॉटी नावाच्या शेतकरी-अर्थशास्त्रज्ञाने उच्च न्यायालयातून स्थगिती मिळवली. परराष्ट्र धोरणात युरोपीय देशांनी एकमेकांशी बांधून घ्यायचे, असे एका करारात लिहिले होते. लोकांना न विचारता सरकारला हे करता येईल का, हा त्यांचा सवाल होता. एप्रिल १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. बाकीच्या अकरा देशांना आयर्लंडच्या सार्वमतासाठी सहा महिने थांबावे लागले. तेव्हापासून युरोपचा मोठा करार आयरिश मतदारासमोर गेल्याशिवाय राहत नाही. नीसचा करार जून २००१ मध्ये सुमारे ५४ टक्क्यांनी फेटाळला गेला. तटस्थतेची भीती हे त्यामागचे एक मोठे कारण होते. मग जून २००२ मध्ये सेव्हिल येथे जाहीरनामा झाला, की आयर्लंडवर सामायिक संरक्षणाचे बंधन नाही. आणि ऑक्टोबरच्या सार्वमतात देशाची घटनाच दुरुस्त झाली. आयर्लंडचा समावेश असलेल्या सामायिक संरक्षणात देशाने जायचे नाही, हे आता घटनेच्या २९ व्या अनुच्छेदात आहे आणि ते बदलायला पुन्हा सार्वमतच लागेल. लिस्बन करारावरही २००८ मध्ये नकार, मग कायदेशीर हमी, मग २००९ मध्ये ६७ टक्के होकार, असाच प्रवास झाला. या करारात एका सभासदावर सशस्त्र हल्ला झाला तर इतरांनी मदत करावी असे कलम आहे; पण त्यातच काही देशांच्या संरक्षण धोरणाचे विशिष्ट स्वरूप अबाधित राहील, हेही लिहिले आहे.

म्हणजे हे बांध कागदी नाहीत. ते मतपेटीतून आले आहेत. आणि ते प्रत्यक्षात कसे चालतात हे युक्रेनच्या बाबतीत दिसले. २०२२ पासून युरोपीय संघाच्या शांतता निधीतून युक्रेनला शस्त्रे जाऊ लागली. आयर्लंडने शस्त्रांच्या निर्णयावर मत दिले नाही, त्याला अडवलेही नाही. आपला वाटा त्याने इंधन, औषधे, शरीररक्षक कवचे अशा जीवघेण्या नसलेल्या साहित्याकडे वळवला. आयरिश सैनिक युक्रेनियन सैनिकांना सुरुंग काढणे आणि रणांगणावरचे प्रथमोपचार शिकवत आहेत. ही वाट करारातच ठेवलेली आहे आणि ऑस्ट्रिया व माल्टाही तिने गेले. आक्रमकाला नाव घेऊन दोषी ठरवायचे, पीडिताला मदत करायची, पण स्वतः शस्त्र पुरवायचे नाही, यात मला लबाडी दिसत नाही. दारात येऊन पडलेल्या जखमीला पाणी देणारा माणूस भांडणात उतरला, असे कोणी म्हणत नाही.

तरी विरोधकांची एक तक्रार खरी आहे आणि ती बाजूला सारणे बरे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये आयर्लंड संरक्षण क्षेत्रातल्या कायमस्वरूपी सहकार्याच्या गटात सामील झाला. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. डॉलने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, ७५ विरुद्ध ४२ मतांनी मंजुरी दिली, पण चर्चा तुटपुंजी झाली. या गटाच्या अटींमध्ये संरक्षण खर्च नियमितपणे वाढवण्याचे वचन आहे. एवढे वचन देशाने द्यावे आणि नागरिकांना त्याची नीट कल्पना नसावी, हे लोकशाहीला शोभणारे नाही. आयर्लंडने निवडलेले सुरुवातीचे प्रकल्प समुद्रावरची टेहळणी आणि प्रशिक्षण मोहिमांविषयीचे होते. त्यात आक्षेपार्ह काही नव्हते, आणि म्हणूनच ते उजेडात, सावकाश मांडायला हवे होते.

आता तिहेरी कुलुपाकडे येऊ, कारण सगळा वाद तिथेच पेटलेला आहे. बारापेक्षा अधिक सैनिक परदेशी मोहिमेवर पाठवायचे तर तीन परवानग्या लागतात: सरकारची, डॉलची आणि संयुक्त राष्ट्रांची. लोकांना हे कुलूप प्रिय आहे, कारण त्यात एक नैतिक आश्वासन आहे. पण त्यातली एक किल्ली सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सभासदांपाशी आहे. मॅसेडोनियाने जानेवारी १९९९ मध्ये तैवानला मान्यता दिली आणि पुढच्याच महिन्यात चीनने तिथल्या शांतिसेनेला मुदतवाढ नाकारली. २००३ मध्ये युरोपीय संघाने आपली पहिलीवहिली लष्करी मोहीम त्याच मॅसेडोनियात काढली. यजमान देशाचे निमंत्रण होते, काम शांतता राखण्याचे होते. पण सुरक्षा परिषदेचा रीतसर आदेश नसल्याने आयर्लंड घरी बसला. आयरिश सरकार आता सांगते, की २०१४ नंतर सुरक्षा परिषदेने एकही नवी शांतिसेना उभी केलेली नाही. आपला सैनिक कुठे जावा हे ठरवताना मॉस्को किंवा बीजिंगचा नकाराधिकार मानणे म्हणजे सार्वभौमत्वाचे रक्षण, हे मला पटत नाही.

यावर उत्तर दिले जाते, की सुरक्षा परिषद अडली तर महासभा आहे. कागदावर हे बरोबर आहे. १९५६ मध्ये सुएझच्या पेचात महासभेनेच शांतिसेना उभी केली होती. पण त्या वाटेने गेली अनेक दशके कोणी गेलेले नाही, आणि जी वाट वापरातून गेली आहे तिच्यावर देशाचे धोरण उभे करता येत नाही. दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे: संयुक्त राष्ट्रांची अट काढली की उद्याचे एखादे सरकार मोठ्या देशांना खूश करण्यासाठी कुठेही सैन्य धाडेल. ही भीती मला खरी वाटते. २०२५ मध्ये सरकारने आणलेल्या मसुद्यात संयुक्त राष्ट्रांची अट वगळली आहे आणि डॉलच्या परवानगीशिवाय पाठवता येणाऱ्या सैनिकांची संख्या बारावरून पन्नास केली आहे. यातली पहिली गोष्ट मला मान्य आहे, दुसरी नाही. बाहेरची किल्ली काढून घ्यायची असेल तर आतली अधिक जड करायला हवी. बाराची मर्यादा तशीच ठेवावी आणि संयुक्त राष्ट्रांचा आदेश नसलेल्या मोहिमेला डॉलचे दोन तृतीयांश मत लागावे. असे झाले तर निर्णय आयरिश लोकप्रतिनिधींचा राहील आणि तो सोपाही नसेल.

पण कुलुपावर एवढी चर्चा होते आणि घराच्या भिंतींवर होत नाही, हे मला जास्त खटकते. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयर्लंडच्या संरक्षण दलांविषयीच्या आयोगाने अहवाल दिला. सातत्याने चाललेल्या लष्करी आक्रमणाला हे दल अर्थपूर्ण तोंड देऊ शकणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. देशाकडे लष्करी प्राथमिक रडार नाही. नागरी विमान स्वतःची ओळख सांगणारा संदेश पाठवते म्हणून ते पडद्यावर दिसते. हा संदेश पाठवणारे यंत्र बंद केले की आयर्लंडच्या दृष्टीने ते विमान आकाशात नाहीच. रशियाची लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमाने अशी यंत्रे बंद ठेवून या भागातून गेली आहेत आणि त्यांच्या मागावर ब्रिटनच्या हवाई दलाची विमाने निघाली. त्याविषयी ब्रिटनशी काय समझोता आहे, हे आयरिश सरकार उघड करत नाही. ज्या ब्रिटनच्या आरमाराला डी व्हॅलेरा यांनी बंदरांतून बाहेर काढले, त्याच ब्रिटनच्या विमानांवर आयर्लंडचे आकाश आज सोपवलेले आहे, आणि तेही संसदेत खुली चर्चा न करता. तटस्थतेला यापेक्षा मोठा धक्का गोझ बैदातल्या तळाने दिला, असे कोण म्हणेल?

समुद्राचे तसेच. आयर्लंडच्या भूभागाच्या कित्येक पट मोठे सागरी क्षेत्र त्याच्या ताब्यात आहे आणि अमेरिका व युरोप यांना जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबल तिथून किंवा जवळून जातात. डब्लिनभोवती जगातल्या बड्या तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आणि डेटा केंद्रे उभी आहेत, त्यांच्या करांवर देशाची तिजोरी भरते. आणि कॉर्कच्या बंदरातल्या हॉलबोलाइन तळावर खलाशीच पुरेसे नाहीत म्हणून गस्तीनौका धक्क्याला बांधून ठेवाव्या लागतात. जानेवारी २०२२ मध्ये रशियन नौदलाने नैऋत्य किनाऱ्यापासून सुमारे २४० किलोमीटरवर सरावाची घोषणा केली, तेव्हा पहिला खणखणीत विरोध कॅसलटाउनबेअरच्या मच्छीमारांनी केला. त्यांचे प्रतिनिधी रशियन राजदूताला भेटले आणि सराव आयर्लंडच्या सागरी क्षेत्राबाहेर नेला गेला. मच्छीमारांचे धैर्य वादातीत आहे. पण देशाच्या समुद्राचा पहारा त्यांच्या धैर्यावर टाकणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये यांतार हे रशियन जहाज आयरिश समुद्रात केबल आणि वायुवाहिन्यांच्या परिसरात फिरताना आढळले. समुद्राखाली काय चालले आहे ते ऐकणाऱ्या सोनार यंत्रणेसाठी एका फ्रेंच कंपनीशी करार झाला तो थेट २०२५ मध्ये.

पैशाचा मुद्दा पुढे करणाऱ्यांना मी गंभीरपणे घेतो. घरांची भीषण टंचाई असलेल्या देशात रडारवर खर्च का, असे तरुण विचारतात तेव्हा तो प्रश्न पोकळ नसतो. पण आकडे पाहा. आयर्लंडचा संरक्षण खर्च सकल उत्पन्नाच्या पाव टक्क्याच्या आसपास आहे, युरोपीय संघात सर्वांत कमी. बहुराष्ट्रीय कंपन्यांमुळे तिथले सकल उत्पन्न फुगलेले असते हे खरे. ती सूज वजा केली तरी प्रमाण अर्ध्या टक्क्याला पोहोचत नाही. २०२५ ची तरतूद होती १३५ कोटी युरो. याच देशाला सप्टेंबर २०२४ च्या युरोपीय न्यायालयाच्या निकालाने ॲपल कंपनीकडून १,३०० कोटी युरोंची करवसुली मिळाली. घरे रखडली आहेत ती रडारमुळे नव्हेत. शिवाय संरक्षण म्हणजे फक्त तोफा नव्हेत. मे २०२१ मध्ये आयरिश आरोग्यसेवेच्या संगणकांवर खंडणीखोर टोळीने हल्ला केला, तेव्हा कर्करोगाच्या रुग्णांचे उपचार लांबले.

शॅनन विमानतळाचा प्रश्न मात्र तटस्थतेच्या समर्थकांनी उचलून धरला तो योग्यच. लाखो अमेरिकी सैनिक तिथून इराक आणि अफगाणिस्तानकडे गेले. २००३ मध्ये एडवर्ड हॉर्गन या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने सरकारला न्यायालयात खेचले. तटस्थ देशाने युद्ध करणाऱ्या सैन्याला मोठ्या प्रमाणावर वाट देऊ नये असा आंतरराष्ट्रीय रूढीचा नियम आहे, हे उच्च न्यायालयाने मानले. पण त्या आधारे नागरिकाला आपल्या सरकारला अडवता येत नाही, असाही निकाल दिला. लक्षात घ्यावे, की शॅननचा युरोपीय धोरणाशी काहीही संबंध नव्हता. तो दोन सरकारांमधला मामला होता, सार्वमताशिवाय आणि तिहेरी कुलुपाशिवाय चाललेला. ज्या व्यवहाराला लिखित चौकट नाही तिथे तटस्थता वाकली. युरोपीय संघात चौकट होती, मतदान होते, जाहीरनामा होता, आणि तिथे ती टिकली.

स्वीडन आणि फिनलंड नाटोत गेल्यावर संघाच्या सत्तावीस देशांपैकी त्या कराराबाहेर उरले ते आयर्लंड, ऑस्ट्रिया, माल्टा आणि सायप्रस एवढेच. त्यांनीही आत जावे असे मला वाटत नाही. आफ्रिकेत आणि पश्चिम आशियात ज्यांच्या वसाहती कधी नव्हत्या, अशा देशांचे सैनिक गावात आले तर वेगळ्या नजरेने पाहिले जातात; युरोपलाही त्या विश्वासाची गरज आहे. सुरुंग काढणे, समुद्रावर बुडणाऱ्यांना वाचवणे, निर्वासितांच्या छावण्यांभोवती गस्त घालणे, ही कामे कमी प्रतीची नाहीत. २०१५ पासून भूमध्य समुद्रात आयरिश नौकांनी हजारो स्थलांतरितांना पाण्यातून वर काढले, आधी इटलीबरोबर आणि २०१७ पासून युरोपीय मोहिमेत.

सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे दक्षिण लेबनॉनमधल्या शांतिसेनेचे काम ३१ डिसेंबर २०२६ रोजी थांबायचे आहे. त्याच सहामाहीत युरोपीय संघाच्या परिषदेचे अध्यक्षपद आयर्लंडकडे आहे. लेबनॉनच्या मातीत जवळपास पन्नास आयरिश सैनिकांनी प्राण गमावले आणि आयरिश तुकड्यांनी पिढ्यानपिढ्या तिथल्या टेकड्यांवर पहारा दिला. तिथून परतणाऱ्या तुकड्यांना पुढचे काम कोणते द्यायचे आणि ते कोणाच्या परवानगीने, हे डॉलने त्या आधी ठरवायला हवे. नाहीतर १९५८ पासून एक दिवसही न तुटलेली ही परंपरा सुरक्षा परिषदेच्या एखाद्या नकाराधिकाराने तुटेल, आणि त्यावर आयरिश मतदाराचे मत कोणी विचारलेलेही नसेल.